परदेशची मिळकत, विद्येचे ऋण आणि घरची शिल्लक

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने विद्येच्या कर्जाविषयी चार शब्द लिहावेत, हा काहींना अनधिकार वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य गेले ते सतवासच्या मंडीत, गहू, हरभरा आणि सोयाबीन यांच्या ढिगांशेजारी. परंतु कर्ज ही गोष्ट व्यापाऱ्याच्या नित्य परिचयाची आहे. मुद्दल, व्याज, मुदत आणि तारण ही त्याची चार अंगे ज्यास कळली त्यास कर्ज कोणत्याही कारणाने काढलेले असो, त्याचा स्वभाव ओळखता येतो. डॉलर हा शब्ददेखील आमच्या मंडीस नवा नाही. टपोऱ्या काबुली हरभऱ्यास आमचा माळवा कितीतरी वर्षे 'डॉलर चना' म्हणत आला आहे. आता हा डॉलर हरभऱ्याच्या पोत्यावरून उठून आमच्या मुलामुलींच्या पगारपत्रकावर जाऊन बसला आहे, इतकेच. म्हणून आपल्या संस्थेच्या या वार्षिक स्मरणिकेत या विषयावर आमचे मत मांडण्याचे धाडस करीत आहोत.

सतवास, कांटाफोड, कन्नौद, खातेगाव या आपल्या पट्ट्यातील व्यापारी घरांत आता एक ठराविक क्रम दिसू लागला आहे. मुलगा किंवा मुलगी इंदूरला पदवी घेते, पुढील शिक्षणासाठी अमेरिका, इंग्लंड, कॅनडा किंवा जर्मनी गाठते, आणि त्यासाठी बँकेचे कर्ज निघते. साडेसात लाखांवरील कर्जास बँका सामान्यतः तारण मागतात. ते तारण म्हणजे राहते घर, नाही तर गोदाम. शिक्षण पुरे होते, तिकडेच नोकरी लागते, पेढे वाटले जातात. प्रश्न खरा उभा राहतो तो त्यानंतर. महिन्याच्या पगारातून खर्च वजा जाता जे उरते त्याने आधी कर्ज फेडावे, की आधी शिल्लक टाकावी? या एका प्रश्नावरून बापलेकांत आणि भावाभावांत जे मतभेद होतात ते बऱ्याच घरांनी पाहिले असतील. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. ही दोन्ही कामे परस्परांची शत्रू नव्हेत. परंतु त्यांचा क्रम ठरलेला असावा. प्रथम थोडी हातशिल्लक, मग कर्ज आणि विशेषतः घरचे तारण सोडविणे, व त्यानंतर मनमोकळा संचय. हा क्रम उलटा केला की हिशेब कागदावर शोभतो, पण वडिलांची झोप उडते.

विद्येसाठी कर्ज काढणे ही काही आजची रीत नव्हे, आणि त्यात कमीपणाही नाही. १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी जो निधी स्थापिला, तो दानरूप नसून कर्जरूप होता. घेणाऱ्याने कमावते झाल्यावर रक्कम परत करावी व तिच्यातून पुढच्या विद्यार्थ्याची सोय व्हावी, ही त्यामागील दृष्टी. आपल्या समाजातही आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. तेथे जैन विद्यार्थ्यांना निवासाबरोबर कर्जरूप साह्य देण्याची पद्धत पडली. दान घेणारा उपकृत होतो, कर्ज घेणारा जबाबदार होतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी चांगले ओळखले होते.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटते. १९१३ साली ते सयाजीराव महाराज गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या मोबदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. पुढे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तो पुरा करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा निघाले, तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिलकीत टाकलेली रक्कम त्यांच्या गाठीस होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य होते. आणि जे कमी पडले त्यासाठी नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये त्यांनी उसने घेतले. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. पदवी मिळाली, आणि त्या प्रबंधाचा विषयही रुपयाच होता. यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी स्वतःची बचत, मग अडलेल्या तेवढ्यापुरतेच ऋण. आज पुष्कळ घरांत याच्या उलट होते. बँक किती देते हे प्रथम पाहिले जाते, आणि मुलास किती लागते हे मागाहून ठरते.

आता कर्जाचा हिशेब आपल्या पद्धतीने मांडून पाहू. समजा, दोन वर्षांच्या शिक्षणासाठी ४० लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी घेतले. निम्मी रक्कम आरंभी आणि निम्मी एका वर्षाने उचलली. शिक्षणाची दोन वर्षे व त्यानंतरचे एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, पण व्याज थांबत नाही. त्या तीन वर्षांत सरळ व्याजाचे १० लाख होतात आणि हप्ता सुरू होण्याच्या दिवशी मुलाच्या नावे ५० लाख लागलेले असतात. हे कर्ज १५ वर्षांत फेडावयाचे ठरविल्यास महिन्यास सुमारे ५३,७०० रुपये हप्ता पडतो, आणि एकंदर भरणा होतो सुमारे ९६ लाख ७० हजार. तेच ७ वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे ८३,००० रुपये, आणि एकंदर भरणा सुमारे ६९ लाख ७० हजार. फरक २७ लाखांचा. डॉलरचा भाव ९० रुपये धरला तर महिन्यास सव्वातीनशे डॉलर अधिक घातल्याने हा फरक पडतो. आज दिलेला रुपया आणि पंधराव्या वर्षी दिलेला रुपया सारखे नव्हेत हे आम्हीही जाणतो. तथापि आठ वर्षे आधी सुटलेल्या गोदामाची किंमत त्या २७ लाखांत धरलेलीच नाही.

याच हिशेबात पालकांसाठीही एक गोष्ट आहे. मूल शिकत असतानाच निव्वळ व्याज घरून भरले, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्यास सुमारे १६,७०० आणि पुढील दोन वर्षे सुमारे ३३,३०० रुपये, तर हप्ता सुरू होताना कर्ज ५० लाखांचे नसून ४० लाखांचेच राहते. ज्याचा धंदा बरा चालला आहे त्याने मुलास सणावारी मोठी रक्कम पाठविण्यापेक्षा हे व्याज भरावे. काही बँका असे व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्यास दरात एक टक्का सवलतही देतात. कर्ज घेतानाच ती विचारून घ्यावी.

आमच्या या मताच्या विरुद्ध जे म्हणणे आहे तेही न्यायाने मांडले पाहिजे. तरुण मंडळी म्हणतात, व्यापारी कधी कर्जास भ्याला आहे काय? दहा टक्क्यांचे पैसे बँकेचे, ते पंधरा वर्षे वापरावेत, आणि हाती येणारी रक्कम शेअरबाजारात, इंदूरच्या प्लॉटात किंवा सोन्यात घालून बारा-पंधरा टक्के मिळवावेत. ऐकावयास हे गोड आहे, आणि काहींना तसे मिळालेही असेल. परंतु व्यापारातील कर्ज आणि विद्येचे कर्ज यांत एक मूलभूत भेद आहे. आम्ही बँकेकडून उचल घेऊन सोयाबीन भरतो, तेव्हा कर्जासमोर गोदामात माल उभा असतो. भाव पडला तर तोटा सोसून माल विकता येतो, आणि उचल भागते. विद्येच्या कर्जासमोर असा विकावयाचा माल नसतो. त्याच्यासमोर उभी असते ती एका माणसाची नोकरी, आणि ती नोकरी परक्या देशाच्या परवान्यावर टिकलेली. शिवाय मिळेल ती पंधरा टक्के ही आशा आहे. द्यावयाचे दहा टक्के हा करार आहे. बँक ज्या दराने ठेव घेते त्याहून चढ्या दराने कर्ज देते, तीच तिची कमाई. म्हणून एकीकडे कर्ज आणि दुसरीकडे तशाच बँकेत मुदतठेव ठेवणाराने आपण बचत करीत आहो असे समजू नये. कर्जात मुदतीआधी भरलेला रुपया हा दहा टक्क्यांनी बिनजोखीम लावलेला रुपया होय.

परवान्याचा मुद्दा अधिक स्पष्ट करणे जरूर आहे. अमेरिकेत शिक्षण संपल्यावर अनुभवासाठी १२ महिने, आणि विज्ञान-तंत्राच्या पदवीधरास आणखी २४ महिने काम करण्याची मुभा मिळते. पुढील नोकरीसाठी जो व्हिसा लागतो त्याची वार्षिक मर्यादा ८५,००० आहे, आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा किती घरांचे बेत एका रात्रीत डळमळले! हा व्हिसा असलेल्याची नोकरी सुटली तर दुसरी शोधण्यास सामान्यतः ६० दिवस मिळतात. इंग्लंडनेही पदवीनंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरविले आहे. ज्या मिळकतीचा पाया असा सरकारी कागदावर आहे, तिच्या भरवशावर पंधरा वर्षांचे ओझे डोक्यावर ठेवणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. मिळकत चालू आहे तोवर ओझे उतरवावे.

पण याच कारणासाठी आम्ही दुसऱ्या टोकाचेही समर्थन करीत नाही. काही गुणी मुले पहिल्या पगारापासून पै न पै कर्जात भरतात आणि हाताशी काहीच ठेवीत नाहीत. नोकरी गेली की त्या ६० दिवसांत भाडे, जेवण आणि प्रसंगी परतीचे तिकीट यांसाठी त्यांना क्रेडिट कार्डावर वीस टक्क्यांहून अधिक व्याजाचे नवे कर्ज काढावे लागते. किंवा वडिलांकडे हात पसरावा लागतो. दहा टक्क्यांचे फेडून वीस टक्क्यांचे घेणे हा धंदा कोणता? व्यापारी कितीही मोठा असो, हातशिल्लक शून्य करून तो कधी माल भरीत नाही. म्हणून पहिले सहा-आठ महिने नेमलेला हप्ता तेवढा भरावा आणि उरलेल्या रकमेतून तेथील सहा महिन्यांचा खर्च व भारतातील सहा महिन्यांचे हप्ते एवढी शिल्लक उभी करावी. ती नगद असावी, सहज काढता यावी, आणि तिच्यावर कोणाची नजर नसावी. ती पुरी झाली की नंतर उरेल ते सारे कर्जाकडे वळवावे. बदलत्या व्याजदराच्या अशा वैयक्तिक कर्जावर मुदतीपूर्वी फेड केल्याबद्दल दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

या क्रमास एकच अपवाद आम्ही मान्य करतो. अमेरिकेतील पुष्कळ मालक नोकराच्या निवृत्तिनिधीत त्याच्या भरण्याच्या प्रमाणात स्वतःची भर घालतात. ती भर मिळण्यापुरती रक्कम त्या निधीत अवश्य घालावी. फुकट मिळणारा पैसा सोडणे हे व्यापाऱ्याच्या धर्मात बसत नाही. मात्र तो पैसा वयाच्या साडेएकोणसाठाव्या वर्षापूर्वी काढल्यास साधारणतः करावर आणखी दहा टक्के दंड लागतो, आणि मालकाची भर पूर्णपणे आपली होण्यास कित्येक ठिकाणी काही वर्षे जावी लागतात. म्हणून त्यास हातशिल्लक समजू नये.

हुंडणावळीच्या दराविषयीही थोडे सांगणे प्राप्त आहे. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. २०१४ साली तो साठीच्या आसपास होता. आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. डॉलरमध्ये कमावून रुपयांत कर्ज फेडणारास यात लाभ आहे, हे खरे. त्यामुळे कित्येक जण 'रुपया आणखी पडू दे, मग भरू' असे म्हणून वाट पाहत बसतात. वायद्याच्या नादाने बसलेले व्यापारी आम्ही पाहिले आहेत. हा त्याचाच प्रकार. वाट पाहण्याच्या प्रत्येक वर्षास दहा टक्के भाडे पडते हे विसरू नये. उलट, काही परदेशी संस्था तारणाशिवाय डॉलरमध्येच कर्ज देतात. मूल तिकडे राहिले तर ठीक. पण नोकरी न मिळून परत आले, तर रुपयांत कमावून डॉलरचे देणे फेडण्याची पाळी येते, आणि मग पडणारा रुपया वैरी ठरतो. घर वाचले म्हणून आनंदाने असे कर्ज घेणाऱ्यांनी ही दुसरी बाजू सही करण्यापूर्वी वाचावी.

आता पालकांना दोन शब्द. मुलगा परदेशात लागला की घराची राहणी बदलते. नवी मोटार, लग्नातील पंक्ती, जुने घर पाडून दुमजली इमारत, आणि विचारल्यास उत्तर तयार असते की मुलगा डॉलरमध्ये कमावतो. डॉलरमध्ये तो खर्चही करतो, हे कोणी बोलत नाही. कर्जास सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते. हप्ता चुकला तर डाग मुलाबरोबर वडिलांच्या पतीवरही पडतो, आणि मालावर उचल घेऊन चालणाऱ्या आपल्या धंद्यात पत हेच भांडवल. हप्ता ९० दिवस थकला की बँक खाते बुडीत वर्गात टाकते आणि तारणावर हात घालण्याची वाट मोकळी होते. म्हणून तारण सुटेपर्यंत मुलाची जी शिल्लक दिसते ती पुरती त्याची नव्हे. तिच्याखाली वडिलांचे गोदाम गहाण आहे. जमेचे पान वाचावयाचे आणि नावेचे पान उलटावयाचेच नाही, याला आपल्याकडे हिशेब म्हणत नाहीत.

विवाहाच्या बाबतीत तर हे झाकणे अधिकच अनिष्ट आहे. स्थळाच्या माहितीपत्रकावर वार्षिक वेतन ठळक अक्षरांत असते. कर्जाचा आकडा कोठेच नसतो. लग्नानंतर तो बाहेर आला की मने दुखावतात. आमची सूचना अशी की दोन्ही घरांनी वेतनाबरोबर कर्जही सांगावे व विचारावे, आणि त्यात कोणी अपमान मानू नये. मुलींच्या कर्जाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुलगी स्वतः कमावून आपले कर्ज फेडीत असते आणि माहेरचे घर तारण असते. लग्न होताच तिच्या पगारावर सासरचा हक्क समजला, तर हप्ता कोणी भरावयाचा? तिने घेतलेले कर्ज तिच्या कमाईतून फिटेपर्यंत त्या कमाईवरील पहिला अधिकार त्या कर्जाचा आहे, हे लग्नापूर्वी उभयपक्षी बोलून ठरावे. सून शिकलेली हवी आणि शिक्षणाचे ऋण मात्र माहेरी ठेवून यावे, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

व्यवहाराच्या काही गोष्टीही ध्यानात ठेवाव्यात. नोकरीसाठी परदेशी राहणाऱ्याने आपले येथील जुने बचत खाते अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ, करून घ्यावे, आणि तिकडील कमाई एनआरई खात्यात आणावी. तेथूनच हप्ता परस्पर वळता करता येतो. एनआरई खात्यावरील व्याजास भारतात कर नाही. परंतु अमेरिकेत कराच्या दृष्टीने रहिवासी ठरलेल्यास जगभरच्या उत्पन्नावर तेथे कर द्यावा लागतो. येथील व्याजही दाखवावे लागते, आणि तिकडच्या देशाबाहेरील खात्यांतील एकूण रक्कम वर्षात केव्हाही १०,००० डॉलरांवर गेली तर ती खाती कळवावी लागतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरातील वजावट आठ वर्षे मिळते, पण ती जुन्या करपद्धतीत, आणि ज्याने कर्ज घेतले व स्वतःच्या उत्पन्नातून व्याज भरले त्यासच. येथे उत्पन्न नसलेल्या मुलास तिचा उपयोग नाही. सहकर्जदार असलेल्या पित्याने स्वतः व्याज भरल्यास तो आपल्या सनदी लेखापालाचा सल्ला घेऊन तिचा विचार करू शकतो.

आपल्या धर्मात गृहस्थास परिग्रहाचे परिमाण ठरविण्यास सांगितले आहे. त्याचा अर्थ दरिद्री राहावे असा नाही. किती हवे हे आधी ठरवावे, असा आहे. परदेशी कमावणाऱ्या आपल्या मुलांनी तोच नियम कर्जास लावावा: किती वर्षांत फेडणार हे पहिल्या पगाराच्या दिवशी लिहून ठेवावे. आणि दरवर्षी दिवाळीस, आपण नवी वही पूजितो तेव्हा, मुलाने बँकेचा उतारा पाठवावा व वडिलांनी त्यातील तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मांडावेत: कर्ज किती उरले, हातशिल्लक किती, आणि संचय किती. ज्या घरात हे तीन आकडे सर्वांना ठाऊक असतात तेथे भांडणास जागा उरत नाही.

शेवटी आपल्या संस्थेस एक विनंती. मंडीतील भावांची चर्चा आपण रोज करतो. कर्जाच्या अटींची चर्चा मात्र प्रत्येक जण एकटाच, लाजत, बँकेच्या टेबलासमोर करतो. परदेशी जाणाऱ्या मुलांच्या पालकांना कर्जाचे कागद समजावून देण्यासाठी संस्थेने वर्षातून दोन बैठका घ्याव्यात, आणि ज्यांची कर्जे फिटली आहेत अशा तरुणांनी दिलेल्या रकमेतून गरजू विद्यार्थ्यांसाठी लहानसा परतफेडीचा निधी उभारावा. असा निधी पुढच्या मुलामुलींची पहिल्या वर्षाची फी भागविण्याइतका झाला, तरी एखाद्या सभासदाचे गोदाम गहाण पडण्यावाचून राहील. सभासद बंधुभगिनी या सूचनेचा येत्या वार्षिक सभेत विचार करतील, अशी आशा आहे.